वगळा

गर्लगुंजीच्या पुढं, वीटभट्ट्यांच्या अलीकडं
आमची शाळा. दोन खोल्या, एकोणीस पोरं,
आणि पुण्यात नोकरीला लागलेल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं
धाडलेला, झाकण सैल झालेला लॅपटॉप.
रेंज फक्त खिडकीत. म्हणून माझा मोबाईल
गजाला सुतळीनं बांधलेला,
शेळी बांधावी तसा.

खेळ फुकटचा.
एक बेडूक, सहा दगड, पलीकडं काठ.
अक्षर बरोबर आलं की उडी,
चुकलं की डुबुक.
आठवडाभर पोरं शहाण्यासारखी खेळली.
मग नागेश हलगेकरला शोध लागला
की बुडताना बेडूक डोळे फिरवतो.
झालं. सगळा वर्ग मुद्दाम चुकायला लागला.
मी ओरडणारच होते, पण बघितलं तर
'पाऊल' बुडवायला आधी 'पाऊल' यावं लागतं,
ऱ्हस्व-दीर्घ ठाऊक असल्याशिवाय
हमखास चुकता येत नाही.
म्हटलं, बुडू दे बेडूक.

खेळाला सगळंच येतं असं नाही.
'कुंदा' लिहिला, तर तांबडी फुली.
"बाई, ह्यानं कुंदा खाल्लाच न्हाई की!"
एकदा 'मनातले मांडे' आले, गाळलेली अक्षरं भरा म्हणून.
तनुजा बिर्जे म्हणाली, "मनातले कशाला?
बेळगावात मिळत्यात की."
फळ्याच्या कडेला मी एक रकाना आखला:
खेळाला न येणारे, आम्हाला येणारे.
तो सरकत सरकत
फळ्याच्या मध्यावर आलाय आता.

दुर्गव्वा भट्टीवरची.
आई-बाप विजापूरकडचे, विटा थापायला आलेले.
घरात कन्नड, जवळची शाळा मराठी,
एवढाच तिचा आणि मराठीचा संबंध.
कागदपत्रं नाहीत. हजेरीपटावर नाव
सगळ्यांच्या खाली, पेन्सिलीनं.
ती खेळायची नाही. मागं उभी राहायची,
बोटांच्या पेरांत माती वाळलेली,
बेडूक बुडाला की मात्र
सगळ्यांच्या आधी हसायची.

फुकटच्या खेळात मधेच जाहिरात येते.
सोन्यावर कर्ज, गुडघ्याला तेल,
आणि कोपऱ्यात इवलंसं बटण.
पोरं वैतागून कुठंही दाबतात
आणि तेल विकत घ्यायच्या पानावर जाऊन पोचतात.
त्या दिवशी मागून एक मातकट बोट आलं
आणि बटणावर टेकलं.
"व... ग... ळा."

तिनं वाचलेला पहिला मराठी शब्द.
एक काना, बाकी सगळं सपाट. तसा सोपाच.
"अंदरे एनु?" मी विचारलं.
तिनं थोडा विचार केला. "ब्याड."
म्हणजे नको. म्हणजे बरोबरच की.

तेव्हापासून जाहिरातीचं खातं तिच्याकडं.
जाहिरात आली की आरोळी: दुर्गव्वाऽऽ!
ती पहिल्या बाकावर बसायला लागली.
'पुढे' वाचलं, 'मागे' वाचलं, 'पुन्हा खेळा',
'शाब्बास'मधला ब्बा तिला फार आवडला,
स्वतःच्या नावातल्या व्वासारखा, जड.
पाठ्यपुस्तक कोरंच राहिलं तिचं,
बटणं मात्र सगळी पाठ.

फेब्रुवारीत सीआरपी साहेब आले.
लॅपटॉप बघितला, "खेळच खेळवता होय?" म्हणाले,
चहा घेतला, हजेरीपट चाळला,
आणि तळाच्या पेन्सिलीच्या ओळीवर
त्यांचं नख थांबलं.
"कागद नसलेलं हे नाव, बाई,
एवढं वगळा."

पहिल्या बाकावर दुर्गव्वानं मान वर केली.
ओळखीचा शब्द!
तिनं माझ्याकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं,
आणि हसत, बोट पुढं करून,
उठलीच ती,
बटण कुठं आहे ते शोधायला.